ऐंशी टक्के बायका, पण कुठल्या पायरीवर?

(आपल्या संघाच्या मुंबई अभ्यासदौऱ्याच्या शेवटच्या संध्याकाळी दादरला मी जे बोलले, ते हे. दौऱ्याला छत्तीस जणींनाच येता आलं. बाकीच्या गटांनी सभेआधी वाचावं म्हणून लिहून देतेय. बोलताना घाईत जे राहिलं, ते थोडं आत घातलंय.)

ताई, काकी, आणि मागे भिंतीला पाठ टेकून बसलेल्या सगळ्याजणी. पाय दुखतायत ना? दोन दिवस परळ, लालबाग, गिरगाव असं चालवलं मी तुम्हाला. गाडी रात्री बारानंतरची आहे, जेवण साडेनऊला येईल. तेवढा वेळ माझं ऐका, मग झोपा.

पुढच्या महिन्यात आपल्या संघाच्या सभेत आरोग्याच्या कामाचा ठराव आहे. दोन संस्था आपल्याबरोबर काम करायला तयार आहेत. दोघींची ऑफिसं आपण पाहिली, चहा प्यायलो, फिल्म पाहिली. तुमच्या लक्षात आलं का, दोन्ही ठिकाणी एक वाक्य सारखंच होतं. "आमच्याकडे ऐंशी टक्के कर्मचारी महिला आहेत." आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रात्री झोपताना मात्र मला वाटलं, आपण विचारायचं ते विचारलंच नाही. त्या ऐंशी टक्के बायका बसतात कुठे, आणि त्यांच्या हातात महिन्याला पडतं किती?

आता फळ्यावर एक संस्था मांडते. ही खरी नाही, मी बनवलेली आहे, म्हणून नाव शोधू नका. दहा माणसं आहेत. सगळ्यात वर संचालक, पुरुष, पगार १,५०,००० रुपये. खाली दोन समन्वयक, एक पुरुष आणि एक बाई, दोघांना ४०,००० रुपये. आणि वस्तीत फिरणाऱ्या सात आरोग्य सेविका, सगळ्या बायका, प्रत्येकीला १०,००० रुपये.

बेरीज करा. दीड लाख, अधिक ऐंशी हजार, अधिक सत्तर हजार. तीन लाख. दहा माणसांनी भागलं तर सरासरी पगार ३०,००० रुपये. अहवालात तेच छापून येईल. दहात आठ बायका, म्हणजे ऐंशी टक्के. तेही येईल. दोन्ही खरं आहे, कुणी खोटं बोललेलं नाही. पण दहातल्या सात जणींना त्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पैसे मिळतात.

अजून पुढे जा. फक्त आठ बायकांची सरासरी काढा. १३,७५० रुपये. दोन पुरुषांची काढा. ९५,००० रुपये. आता सांगा, या संस्थेने कायदा मोडला का? समान वेतनाचा नियम कायद्यात १९७६ साली आला. एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना वेगळा पगार देता येत नाही, असं तो सांगतो. या संस्थेत समन्वयक बाई आणि समन्वयक पुरुष दोघांना चाळीसच मिळतात. कायदा अगदी नीट पाळलेला आहे. तरी तेरा आणि पंचाण्णव. कारण फरक कामाच्या दरात नाही, पायरीत आहे. म्हणून संस्था-संस्थांची तुलना करताना "बायका किती" याच्या आधी "कुठल्या पायरीवर किती" हे विचारायचं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. शंभरात सत्तर बायका, पण वरच्या जागांवर शंभरात पंचवीस. तीन वर्षांनी, २०२२ साली, पगाराचाही मांडला. आरोग्य आणि सेवेच्या क्षेत्रात बायकांची कमाई सरासरी २४ टक्क्यांनी कमी.

काल आपण लालबागला मिलच्या जुन्या चिमणीखाली थांबलो होतो, तेव्हा काकींनी विचारलं, "तुझ्या घरचे इथेच होते ना?" होते. आजोबा गिरणीत. आजी त्यांच्याच खोलीत गाववाल्यांची खानावळ चालवायची. पंधरा-सोळा डबे, दोन वेळा. तिला कुणी कामगार म्हटलं नाही. गिरणीतही बायका होत्या, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात जास्त. त्यांच्यावर देखरेख करणारी असायची ती नायकीण. शिडी तिथेच संपायची. नायकिणीच्या वर बाई नाही. आणि दारात उभे असायचे ते बदली कामगार. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं काम करून माणूस बदलीच. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत या बदलींना कायम करा ही पण एक मागणी होती.

मी ही जुनी गोष्ट उगाच काढत नाही. माझ्या मते आजची मानधनावरची आरोग्य सेविका ही त्या बदली कामगाराची बहीण आहे. काम रोजचं, ओळख तात्पुरती.

मी कॉलेजात होते तेव्हा दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी परळ-लालबागच्या बाजूला एका संस्थेत होते. नाव घेत नाही. क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत ना ते बघायचं. मला एका आरोग्य सेविका ताईंबरोबर लावलं होतं. त्या अकरा वर्षं तिथे काम करत होत्या. चाळीचा चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यांना कुठल्या खोलीत काय चाललंय ते सगळं पाठ. एका घरी मुलीचं लग्न ठरलं होतं, म्हणून बापाने आजार लपवून गोळ्या बंद केल्या होत्या. सहा महिन्यांचं औषध, दोन महिन्यांत बरं वाटलं की लोक सोडतात, हे तुम्हालाही माहितेय. ताईंनी त्याला दम दिला नाही. घरच्या बाईला म्हणाल्या, "गोळ्यांची पिशवी माझ्याकडे राहू दे, मी दळण आणायला जाताना देत जाईन." माणसाचं औषध पूर्ण झालं.

वर्ष संपल्यावर त्याच संस्थेने मला नोकरी देऊ केली. समन्वयक म्हणून. माझा पहिला पगार ताईंच्या अकरा वर्षांनंतरच्या मानधनाच्या दुपटीहून जास्त होता. मी चोवीस वर्षांची. औषधाच्या पिशवीची युक्ती मी अहवालात इंग्रजीत लिहिली आणि माझं कौतुक झालं. ताई त्या बैठकीला होत्या. बैठक इंग्रजीत होती, त्या गप्प बसल्या होत्या. भिंतीवर पोस्टर होतं, सगळ्या रंगांचे हात एकत्र आलेले. विविधतेचं.

ताईंनी मला कधी टोमणा मारला नाही. एकदाच म्हणाल्या, "तुझ्या जागी यायला मला काय करावं लागेल?" मी जाहिरात काढून दाखवली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, इंग्रजी बोलता-लिहिता येणं. ताई दहावी. म्हणजे अकरा वर्षांच्या अनुभवातून माझ्या जागेपर्यंत जायला मधे पायरीच नव्हती. मी नोकरी घेतली नाही, असं सांगितलं तर तुम्ही मला चांगली म्हणाल. पण खरं म्हणजे मी आठ महिने ती नोकरी केली, आणि मग तुमच्याकडे आले.

कुणी म्हणेल, दहावी-बारावीच्या बाईला जास्त पैसे कशाला, तिचं काम काय तर माहिती देणं. त्याचं उत्तर परळमध्येच आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या साधारण दीड लाख बायका. अर्ध्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, आणि तीही कशाने? व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक ॲसिड लावून, नुसत्या डोळ्यांनी बघून. तपासणारे डॉक्टर नव्हते. चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका होत्या. २०१३ साली निष्कर्ष आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. जगभरात त्याची बातमी झाली. म्हणून "फक्त माहिती देतात" असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा. आपल्याकडे जे काम यायचंय, त्यात हीच तपासणी आहे.

आता हे सगळं शोधायचं कुठे? संस्था नोंदणीकृत असेल तर तिचा वार्षिक अहवाल असतो. तो मागायला लाजू नका, ऑफिसमध्ये मिळतो. पुढची रंगीत पानं, फोटो वगैरे नंतर बघा. आधी मागून उघडा. आपल्या देशात क्रेडिबिलिटी अलायन्स नावाची एक व्यवस्था आहे. सामाजिक संस्थांनीच एकत्र येऊन काही नियम ठरवले, की आपला कारभार उघडा ठेवायचा. त्यातला एक नियम पगाराचा आहे. संस्थेच्या प्रमुखाला किती, सगळ्यात जास्त पगार कुणाकुणाला, आणि सगळ्यात कमी पगार किती, हे अहवालात लिहायचं. शिवाय एक तक्ता. डाव्या बाजूला पगाराचे टप्पे, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यात पुरुष किती, स्त्रिया किती. आपल्या गटाच्या कर्जखात्यापेक्षा सोपा तक्ता आहे. हिशेब वाचायची सवय तुम्हाला आहे, मी शिकवायला नको. सगळ्याच संस्था हा तक्ता छापत नाहीत. तक्ता नसेल तर तोंडी विचारा.

तक्ता मिळाला की खालचा टप्पा आणि वरचा टप्पा बोटाने धरा. वर सरकताना बायकांचा रकाना कुठे बारीक होतो ते बघा. आणि मग एक गोष्ट विचारा, जी विचारायला मलाही उशिरा सुचली. "मानधनावरच्या बायका या तक्त्यात धरल्यात का?"

कारण गंमत अशी आहे. माझ्या फळ्यावरच्या दहाजणांतून सात सेविका पुसून टाका, त्या "स्वयंसेविका" आहेत, कर्मचारी नाहीत, असं म्हणा. आता उरले तीन. पगाराची सरासरी ७६,००० च्या वर गेली, आणि सगळ्यात कमी पगार दहा हजारावरून चाळीस हजार झाला. किती छान संस्था! फोटोत मोजताना त्या सात जणी आत, पगार मोजताना बाहेर. दोन्हीकडे एकच यादी वापरली आहे ना, एवढं बघा.

हा शब्दांचा खेळ सरकारनेही खेळलाय. आशाताई तुमच्यात चार-पाच आहेत. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून आशा ही स्वयंसेविकाच, तिला पगार नाही, कामावर आधारित मोबदला. इथे मुंबईत महापालिकेच्या ज्या बायका घरोघर जातात, त्यांच्याही पदाच्या नावात स्वयंसेविका आहे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. महाराष्ट्रात मात्र पुरस्काराने मोबदला वाढला नाही. संप झाला, आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा मार्च २०२४ मध्ये शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. तुमच्यापैकी काहीजणी तिथे बसल्या होत्या, तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

शब्द बदलला म्हणून हक्क जात नाही, असा एक निकाल मात्र आपल्या हातात आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असं सांगितलं. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. निकाल अंगणवाडीचा आहे, सगळ्या संस्थांना आपोआप लागू होतो असं मी म्हणत नाही. पण कुणी "हे तर मानधन आहे" म्हणून विषय संपवायला लागलं, तर आपल्याला बोलायला जागा आहे.

विविधता हा शब्द दोन दिवसांत खूपदा ऐकलात. मी त्याचा माझा साधा अर्थ सांगते. ज्यांच्यासाठी काम आहे, त्यांच्यातली माणसं ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आहेत का? जात, धर्म, अपंगत्व, भाषा, सगळं त्यात आलं. गिरगावच्या पलीकडे कामाठीपुरा आहे. तिथे एचआयव्हीच्या कामात देहविक्री करणाऱ्या बायकांनाच पिअर म्हणून घेतलं गेलं, कारण दुसऱ्या कुणाचं कुणी ऐकणार नव्हतं. अनुभव हीच पात्रता मानली. हे मोठं पाऊल होतं. पण प्रकल्पाची रचना बघा. वर व्यवस्थापक, मग समुपदेशक, मग क्षेत्र कार्यकर्ता, आणि सगळ्यात खाली मानधनावरची पिअर. आत घेतलं, पण शेवटच्या पायरीवर. याच्या उलट मुंबईतच हमसफर ट्रस्ट आहे. १९९४ सालची संस्था, समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या आरोग्यावर काम करते. ती त्याच समाजातल्या लोकांनी उभी केली आणि तेच ती चालवतात. मी त्यांचे पगार बघितलेले नाहीत, त्यामुळे तिथे सगळं सोनं आहे असं सांगणार नाही. पण "आमच्यातली माणसं वर बसू शकत नाहीत" हे खोटं आहे, एवढं त्यातून दिसतं.

आणि आपण बसलोय ते दादर. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच भागात. माझ्या आजीसारख्याच बायका. सावकाराकडून सुटून बँकेचं कर्ज मिळालं, आणि त्यांच्या चुलीपुढच्या कामाला पहिल्यांदा धंदा म्हटलं गेलं. आजी मात्र त्यात नव्हती. आजोबांना आवडलं नसतं, म्हणे.

आता आपल्या घरचं. मुंबईच्या संस्थांचे तक्ते वाचायचे आणि आपला झाकून ठेवायचा, हे मला जमणार नाही. अध्यक्षताईंना विचारून बोलतेय. मला महिन्याला २२,००० रुपये मिळतात. आपल्या नऊ आरोग्य सखींना प्रत्येकी २,५००. प्रवासाचे पैसे मला वेगळे, त्यांना त्यातच. हिशेबनीस दादांना १४,०००. आपण मांडू या फळ्यावर? अकरा माणसं, दहा बायका. एक्क्याण्णव टक्के महिला, त्या दोन संस्थांपेक्षा भारी!

हसलात, पण मग शांत झालात, ते मला दिसलं.

सखींचं काम अर्धवेळ आहे, हे खरं. कागदावर रोज दोन तास. बाळंतपणाच्या वेळी रात्री कुणाला फोन जातो ते मी सांगायला नको.

तर दोन्ही संस्थांना काय विचारायचं ते आपण ठरवू. पहिल्या संस्थेचा प्रस्ताव तीस सखींचा आहे, मानधन कमी. दुसरीचा बारा सखींचा, पैसे जास्त, पण समन्वयक त्या मुंबईहून पाठवणार. मला विचाराल तर दोन्ही आहेत तसे घेऊ नयेत. तीस जणींना थोडं-थोडं मिळालं की सगळ्या गटांना बरं वाटेल, पण कुणाचंच घर त्यावर चालणार नाही. आणि बारा जणींच्या वर बाहेरचा समन्वयक आला की पुन्हा तीच मधली पायरी गायब. माझं म्हणणं, सखींपैकी दोघींना पहिल्या दिवसापासून सहायक समन्वयक म्हणून घ्या, दोन-तीन वर्षांत त्या समन्वयक होतील, असं करारात लिहून द्या. बैठका मराठीत. प्रवास वेगळा. भविष्य निर्वाह निधी कुणाचा कापणार, कुणाचा नाही, ते नावानिशी. बाळंतपणाची रजा मानधनावालीलाही आहे का, ते. आणि काम सुटलं तर किती दिवस आधी सांगणार. गटांनी सभेआधी यात भर घालावी. संस्था नाही म्हणू शकतात. मग काम जाऊही शकतं, हे लक्षात ठेवूनच ठराव करू.

एवढं बोलून मी बसणार होते, तेवढ्यात मागून एका काकींनी विचारलं, "मग तुझा पगार कमी करून सखींना वाढवशील का?"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मी सांगितलं, नाही काकी, माझ्याने ते होणार नाही. लालबागच्या घरी दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात, आईचं औषध आहे. पण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात माझ्या पगारात वाढ धरली आहे, ती मी लिहून नको म्हणते. ते पैसे नऊ जणींच्या प्रवासासाठी धरा. त्यातून प्रत्येकीला महिन्याला दोन-अडीचशे येतील, फार नाही. काकी म्हणाल्या, "ते लिहून दे." दिलं. कागद अध्यक्षताईंकडे आहे.

मग त्याच काकींनी विचारलं की हिशेबनीसाला चौदा आणि सखीला अडीच हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं. कुणालाच आठवेना. इतिवृत्ताच्या जुन्या वह्या कपाटात आहेत, सभेच्या दिवशी त्या बाहेर काढायच्या ठरलंय. इतक्यात जेवण आलं.